चरबी कोणाची? काडतुसापासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत

रमजान जवळ आला की आमच्याकडे एक जुना मेसेज नव्याने फिरू लागतो. फ्रान्समध्ये खाद्यपदार्थांच्या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या एका माणसाच्या तोंडची ती गोष्ट आहे. युरोपात डुकराची चरबी फार उरते, कंपन्या ती खाण्याच्या वस्तूंत घालतात आणि लोकांना कळू नये म्हणून नाव न लिहिता ‘ई’ने सुरू होणारे आकडे छापतात, असा तिचा सारांश. खाली आकड्यांची लांबलचक यादी असते. ई-४७१, ई-५७०, ई-५७२, ई-६३१ वगैरे. मेसेज इंग्रजीत आला, उर्दूत आला, आता मराठीतही आला आहे. दौंड आणि शिरूरच्या किराणा दुकानांत मोबाईलवरची यादी आणि बिस्किटाचा पुडा शेजारी धरून आकडे जुळवणारी पोरं मी पाहिली आहेत.

या यादीत ई-१०० हा आकडाही आहे. ई-१०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग. ई-१४० म्हणजे झाडाच्या पानातला हिरवा रंग. यादी करणाऱ्याने हळदही डुकराच्या खात्यावर टाकली आहे. पण म्हणून सगळी यादी हसून सोडून देता येत नाही. ई-५७० म्हणजे फॅटी अ‍ॅसिड, मराठीत मेदाम्ल. ते पामच्या तेलातून निघतं, तसंच प्राण्यांच्या चरबीतूनही निघतं. ई-४७१चंही तेच. म्हणजे मेसेज खोटा असला तरी त्यातला प्रश्न खोटा नाही.

दुसरीकडे उलटी कुजबुज चालते. बाजारात कुणीतरी सांगतं, मुसलमानाच्या बेकरीतली खारी नका घेऊ, त्यात गुरांची चरबी असते. म्हणजे मुसलमान कंपनीच्या बिस्किटात डुक्कर शोधतोय आणि हिंदू शेजारी मुसलमानाच्या खारीत गाय शोधतोय. दोघंही एकाच गोष्टीला घाबरलेत आणि दोघांच्याही हातात कागद नाही. ही भीती या देशात पहिल्यांदा आलेली नाही. तिचा जवळजवळ १७० वर्षांचा इतिहास आहे आणि तो नीट वाचला तर आजच्या पुड्यावर काय शोधायचं हेही कळतं.

कंत्राटात नसलेली ओळ

गंमत म्हणजे त्या मेसेजमध्येही १८५७च्या काडतुसांचा उल्लेख येतो. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

एनफिल्ड रायफलचं काडतूस कागदात गुंडाळलेलं असे. त्याला वंगण लावलेलं असे आणि कवायतीत त्याचं टोक दातांनी तोडावं लागे. जानेवारी १८५७मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमच्या दारूगोळा कारखान्यातून बातमी पसरली की हे वंगण गाय आणि डुकराच्या चरबीचं आहे. एकाच घासात हिंदूचाही धर्म जाणार आणि मुसलमानाचाही.

अफवा होती का? सरकारी अधिकाऱ्यांनी चौकशी केली तेव्हा जे बाहेर आलं ते अफवेपेक्षा वाईट होतं. वंगणासाठी चरबी पुरवण्याचं कंत्राट दिलं होतं, पण चरबी कोणत्या जनावराची असावी आणि कोणत्या जनावराची नसावी, याची अटच घातलेली नव्हती. म्हणजे ‘ही गाईची नाही, डुकराची नाही’ असं छातीठोकपणे सांगणं सरकारलाही शक्य नव्हतं.

मग घाईने सुधारणा झाली. शिपायांनी तूप, तेल, मेण काय हवं ते आपल्या हातांनी लावावं, अशी मुभा दिली. पण उशीर झाला होता. २४ एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या ८५ शिपायांनी काडतुसं हातात घ्यायला नकार दिला. त्या दिवशीची काडतुसं जुन्याच पद्धतीची होती. आता ते ऐकायला कुणी तयार नव्हतं. त्या ८५ जणांत हिंदूही होते आणि मुसलमानही. ९ मे रोजी भर मैदानात त्यांना बेड्या ठोकल्या आणि १० मेला मेरठ पेटलं.

आमचं शिरूर, म्हणजे जुनं घोडनदी, त्या काळी इंग्रजांच्या घोडदळाची छावणी होतं. पुना हॉर्सचं नाव या गावाशी जोडलेलं आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीला या दलाची माणसं इराणच्या मोहिमेवर लढत होती. घोडनदीकाठच्या स्वारालाही खोगिराला, लगामाला, बंदुकीला वंगण लागतच होतं. वंगण काय आहे हे विचारण्याचा हक्क मात्र त्याला कुणी दिला नव्हता.

१८५७च्या उठावाची कारणं अनेक होती. जमिनी गेल्या, संस्थानं खालसा झाली, पगार आणि मानाचे प्रश्न होते. चरबी ही ठिणगी होती. पण ठिणगीतून एक गोष्ट शिकायला हवी. लोकांचा विश्वास चरबीमुळे आधी गेला नाही. ‘कोणाची चरबी’ हे सांगायला कुणीच बांधील नव्हतं, म्हणून तो गेला.

शव्ररलचा साबण आणि गुऱ्हाळाची काहील

या उठावाच्या कितीतरी आधी, १८११च्या सुमारास, पॅरिसमध्ये मिशेल शव्ररल नावाचा रसायनशास्त्रज्ञ एका साबणाचा अभ्यास करत होता. तो साबण डुकराच्या चरबीचाच होता. शव्ररलने चरबी फोडून दाखवली. चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि काही आम्लं यांची सांगड. ही आम्लं म्हणजेच मेदाम्लं. १८२३मध्ये प्राणिज चरबीवरचं त्याचं पुस्तक आलं. स्टीरिक आम्लाचं नाव चरबीसाठीच्या ग्रीक शब्दावरूनच पडलं आहे.

या शोधातून आपल्या प्रश्नाला एक अवघड वळण मिळालं. गाईच्या चरबीतून काढलेलं शुद्ध स्टीरिक आम्ल, डुकराच्या चरबीतलं आणि पामच्या तेलातलं, तिन्ही एकच. तोच रेणू, तेच गुणधर्म. मूळ चरबी समोर असेल तर वासावरून, रंगावरून आणि प्रयोगशाळेत ती ओळखता येते. तिच्यातून वेगळं करून शुद्ध केलेलं आम्ल साध्या तपासणीत आपली जात सांगत नाही. ते कुठून आलं, हे फक्त पुरवठादाराच्या कागदाला ठाऊक असतं.

ई-५७० या नावाखाली अशीच आम्लं येतात. स्टीरिक, पामिटिक, ओलेइक, लॉरिक आणि आणखी काही. त्यांची कामं साधी असतात. पदार्थावर पातळ थर देणं, गोळ्या साच्याला चिकटू न देणं, उकळताना फेस मोडणं. यांचीच भावंडं म्हणजे ई-४७१. पावात, केकमध्ये, आइस्क्रीममध्ये पाणी आणि तेल एकत्र धरून ठेवायला ती घालतात.

हे काम आपल्याला नवीन नाही. दौंड तालुक्यात केडगाव, यवत, पाटस या पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत. चुलवाणावर काहील चढते, रसाला उकळी येते आणि फेस काठावर येऊ लागला की गुळव्या थोडंसं तेल सोडतो. शेंगदाण्याचं, एरंडाचं किंवा खोबऱ्याचं. फेस खाली बसतो. कारखान्यात फेस मोडायला मेदाम्ल वापरतात ते याच तत्त्वावर. फरक इतकाच की गुळव्याच्या हातातली बाटली सगळ्यांना दिसते.

आरोग्याच्या दृष्टीने ई-५७० घातक आहे का? नाही. शेंगदाण्याचं तेल असो की बकऱ्याची चरबी, आतड्यात गेल्यावर आपलं शरीर तिची मेदाम्लंच करतं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७मध्ये ई-५७०ची फेरतपासणी केली आणि ज्या प्रमाणात ते वापरलं जातं त्या प्रमाणात सुरक्षिततेची चिंता नाही, असा निष्कर्ष काढला. आपण रोजच्या जेवणातून जेवढी मेद खातो, तिच्यापुढे या घटकाचा वाटा नगण्य आहे.

मग खरी इजा कुठून झाली? ती अशा डब्यातून झाली ज्याच्यावर कुणाचाच संशय नव्हता.

डालडा

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान याने पातळ तेलात हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करण्याची पद्धत काढली. १९०२मध्ये त्याचं पेटंट झालं. घट्ट तेल तुपासारखं दिसतं, टिकतं आणि स्वस्त पडतं. हिंदुस्थानात ते आधी हॉलंडहून येई. पुढे लीव्हर कंपनीने हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि १९३२मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना उभा राहिला. १९३७मध्ये ‘डालडा’ हे नाव बाजारात आलं. आधीच्या आयातदाराचं नाव ‘दादा’, त्यात लीव्हरचा ‘ल’ घातला आणि ‘डालडा’ झालं, असं सांगतात.

नाव ‘वनस्पती’ असल्यामुळे त्यात गाय नव्हती, डुक्कर नव्हतं. ब्राह्मणाच्या पंगतीला चाललं, आमच्या लग्नाच्या पुलावालाही चाललं. ईदच्या शेवया त्यात भाजल्या, दिवाळीच्या करंज्या त्यात तळल्या. बेकरीची खारी आणि नानखटाई त्याच्यावाचून होईना. ताडाच्या झाडाचं चित्र असलेला तो पिवळा डबा रिकामा झाला की त्यात धान्य राही, नाहीतर अंगणातली तुळस. गरिबाचं तूप म्हणून त्याने दोन्ही समाजांत घर केलं.

विरोधही झाला. गांधीजींनी त्याच्याविरुद्ध लिहिलं. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी आणण्याचा प्रयत्न संसदेतही झाला. मुख्य आरोप होता भेसळीचा. शुद्ध तुपात डालडा मिसळला तर ओळखायचा कसा? यावर सरकारने एक नामी उपाय काढला. वनस्पती तुपात ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखर लावली की लालसर रंग येतो. म्हणजे प्रत्येक डब्यात एक हेर बसवला. तुपात डालडा असला की हा हेर लाल होऊन चुगली करणार.

तूप खाणाऱ्याच्या रक्षणासाठी केवढी ही कल्पकता! पण डालडा खाणाऱ्याचं काय? डालड्यातच कुणी काही मिसळलं तर तीळ काही बोलणार नव्हता.

१९८३

तसंच झालं. साबण कारखान्यांसाठी परदेशातून गुरांची चरबी येत असे. ती खाद्यतेलापेक्षा स्वस्त होती. १९८३मध्ये उघड झालं की काही ठिकाणी ही चरबी वनस्पती तुपात मिसळली जात होती. देशभर हलकल्लोळ झाला. संसदेत गोंधळ झाला, धरपकड झाली, सरकारने चरबीच्या आयातीवर बंदी घातली. देवळांत डालड्याच्या दिव्यांवरून प्रश्न आले, लग्नघरांत डबे परत गेले.

ते वर्ष तसंही तापलेलं होतं. नोव्हेंबरमध्ये विश्व हिंदू परिषदेची एकात्मता यात्रा निघाली. अशा हवेत ‘गाईची चरबी’ हे दोन शब्द कुठे जाऊन आदळतील हे सांगायला नको. पण हा उद्योग कुणाचा धर्म बुडवण्यासाठी चालला नव्हता. दोन मालांच्या भावांतल्या फरकासाठी चालला होता. परवाना, गोदाम, टँकर आणि पावती, सगळा मामला हिशेबाचा होता. १८५७मध्ये कंत्राटात एक ओळ नव्हती. १९८३मध्ये साबणासाठी आलेला माल खाण्याच्या डब्यात जाईपर्यंत त्याचा माग ठेवणारी व्यवस्था नव्हती.

२०२४मध्ये तिरुपतीच्या लाडवांच्या तुपावरून पुन्हा तोच प्रश्न उठला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि विशेष तपास पथक नेमावं लागलं. एवढ्या मोठ्या देवस्थानाला जर पुरवठादाराची पावती पुरत नसेल, तर घोडनदीच्या आठवडे बाजारात पावशेर खारी घेणाऱ्याने कुणावर भरवसा ठेवायचा?

निर्मळ डब्यातलं विष

आता खऱ्या इजेकडे येऊ. तेल घट्ट करताना त्यातली काही मेदाम्लं आपला आकार बदलतात. त्यांना ट्रान्स फॅट म्हणतात. १९९०मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी दाखवून दिलं की ही मेद रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमी करते. म्हणजे दोन्हीकडून मार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ५ लाख हृदयविकाराचे मृत्यू या मेदेशी जोडलेले होते.

डेन्मार्कने २००३मध्ये एकूण मेदेच्या २ टक्क्यांची मर्यादा घातली. २००९मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने भारतातले वनस्पती तुपाचे डबे तपासले, तेव्हा त्यांत या मर्यादेच्या ५ ते १२ पट ट्रान्स फॅट निघाली. आपल्याकडे २०११च्या नियमांत मर्यादा १० टक्के होती. मग ती ५ वर आली, जानेवारी २०२१पासून ३ आणि जानेवारी २०२२पासून २ टक्के. डालडा नाव बाजारात आलं १९३७मध्ये. मधली ८५ वर्षं मोजा.

या ८५ वर्षांत आपण डब्याला एकच प्रश्न विचारला, कोणाची चरबी? उत्तर ‘वनस्पतीची’ असलं की आपलं समाधान व्हायचं. ‘ही शरीरात जाऊन काय करते?’ हा प्रश्न आपण विचारलाच नाही. ज्या डब्यात गाय नव्हती आणि डुक्कर नव्हतं, त्याच डब्याने हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही रक्तवाहिन्या एकाच निष्पक्षपणे बुजवल्या. आणि भार सर्वांत जास्त पडला तो गरिबावर, कारण शुद्ध तूप त्याला परवडत नव्हतं.

हुकूम, कायदा आणि हिरवा ठिपका

याचा अर्थ पहिला प्रश्न फालतू आहे असा नाही. काय खावं आणि काय खाऊ नये हा माणसाच्या ईमानाचा भाग आहे. आमच्या फिक्हमध्ये यावर शतकानुशतकं विचार झाला आहे. ‘इस्तिहाला’ म्हणजे वस्तूचं रूप मुळातून बदलणं. दारूचा सिरका झाला की त्याचा हुकूम बदलतो, हे उदाहरण सर्वांना माहीत आहे. नापाक तेलापासून केलेल्या साबणाचा प्रश्नही हनफी ग्रंथांत आलेला आहे. घाटावरचे आम्ही बहुतेक हनफी, कोकणातले आपले भाऊ बहुतेक शाफई, आणि शाफई मत या बाबतीत जास्त कडक. चरबीतून मेदाम्ल काढलं तर ते मुळातून बदललं की नुसतं वेगळं केलं, यावर उलेमांत आजही मतभेद आहेत. हा मतभेद अभ्यासाचा आहे, फॉरवर्डचा नाही. सूरह हुजुरातमध्ये तर स्पष्ट ताकीद आहे की बातमी आली तर आधी तिची खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाचं नुकसान कराल आणि पस्तावाल.

खातरजमा करण्याचं एक साधन आपल्या हातात आहे. यादी फिरवणारे ते सांगत नाहीत, कारण ती यादी मुळात युरोपातल्या पुड्यांसाठी लिहिलेली आहे. भारतात पाकीटबंद पदार्थावर शाकाहारी-मांसाहारी खूण सक्तीची आहे. हिरव्या ठिपक्याच्या बिस्किटात प्राण्याच्या चरबीपासून काढलेलं ४७१ किंवा ५७० घालणं हा कायद्याने गुन्हा आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत बिस्किटांचे मोठे कारखाने आहेत, आपल्याच भागातली पोरं तिथे पाळीवर जातात. त्या पुड्यांवर ‘इमल्सिफायर’ म्हणून जे आकडे असतात, त्यांच्याबरोबर हिरवा ठिपकाही असतो. डुक्कर शोधणाऱ्याने आधी तो पाहावा.

ठिपका पुरेसा आहे का? दिल्ली उच्च न्यायालयासमोर हाच मुद्दा आला होता. डिसेंबर २०२१मध्ये न्यायालयाने सांगितलं की पदार्थातला प्रत्येक घटक, त्याचं प्रमाण कितीही कमी असो, वनस्पतीपासून आहे की प्राण्यापासून की प्रयोगशाळेत बनवलेला, हे जाहीर केलं पाहिजे. नुसता आकडा छापून भागणार नाही. ही याचिका कुणी केली होती? राम गौ रक्षा दल नावाच्या ट्रस्टने. म्हणजे गोरक्षेसाठी झगडणाऱ्यांनी जे मागितलं, तेच आमच्या दुकानात यादी घेऊन उभ्या असलेल्या पोराला हवं होतं. १८५७मध्ये मेरठच्या मैदानात ८५ जणांनी एकत्र जे विचारलं, ते आजही दोघांना एकत्रच विचारता येतं.

पुड्यांवर अजूनही कित्येकदा नुसता आकडाच असतो. तेव्हा आकड्याचा स्रोत लेखी मागावा. कंपनीचा ग्राहक क्रमांक पुड्यावरच असतो. उत्तर आलं नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. बेकरीवाल्याने, तो कुठल्याही धर्माचा असो, वापरत असलेल्या वनस्पतीच्या खोक्याचं लेबल आणि अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक गिऱ्हाइकाला दिसेल असा लावावा. कुजबुजीवर याच्याइतकं स्वस्त औषध नाही. आणि लेबल वाचताना घटकांतला ‘हायड्रोजनेटेड’ हा शब्द, पोषणतक्त्यातली ‘ट्रान्स फॅट’ची ओळ आणि संपृक्त मेदेचा आकडाही वाचावा. कोणाची चरबी हे समजलं की ईमानाची काळजी मिटते. ती किती आणि कसली, हे वाचलं तर घरातल्या माणसाच्या काळजाची काळजी घेता येते.